पाणी ओसरलं, मंडळी पांगली, मग ताप आला

जुलै लागला की बडोद्यात प्रत्येकाच्या मोबाईलवर दोन आकडे फिरायला लागतात. एक अजवा तळ्याची लेव्हल, आणि दुसरा काळा घोडाच्या पुलाखाली विश्वामित्री किती फुटांवर आलीय तो. २६ फूट म्हणजे धोक्याची खूण हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या त्या दोन-तीन दिवसांत नदी ३५ फुटांच्या वर गेली, समा, फतेगंज, कारेलीबाग, वडसर, मुजमहुडा सगळं पाण्यात, आर्मी आली, एनडीआरएफ आली, आणि नदीतल्या मगरी लोकांच्या सोसायटीत आल्या ते व्हिडिओ तर जगभर गेले.

आम्ही दांडिया बाजारातल्या गणपती मंडळातली बाराजणं. पाणी थोडं उतरल्यावर बुंदी-गाठियाची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन समाला माझ्या मावशीच्या सोसायटीत पोचलो, मोठ्या तोऱ्यात. मावशी जिन्यात उभी, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाली, "बाबा रे, गाठिया नको आता, सकाळपासून चौथा टेम्पो आहे हा. वरच्या मजल्यावरच्या बेनना पहाटेपासून झाडा (जुलाब) होतायत, त्यांना काय देऊ ते सांग आधी."

बाराजणांपैकी एकालाही सांगता आलं नाही. एक जण म्हणाला लिंबूपाणी, दुसरा म्हणाला काही देऊ नका पोट रिकामं ठेवा (हे साफ चूक आहे, पुढे सांगतो), तिसऱ्याने गूगल उघडलं तर नेटवर्क नाही. आम्ही पाकिटं तिथेच ठेवली, फोटो काढला, परत आलो. मग ७ सप्टेंबरला गणपती बसले, आम्ही मांडवात, आणि विसर्जनाच्या आधी मावशीचा फोन, की गल्लीत घरटी एक तरी तापाने पडलंय, तुम्ही तेव्हा आला होतात ना, आता या.

यंदा मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं की पूर आला, साथ आली, तर आरोग्याचं काम आपल्याला जमेल का, आपण काय डॉक्टर आहोत का. माझी वहिनी अर्बन हेल्थ सेंटरला नर्स आहे, तिचं डोकं खाऊन खाऊन जे कळलं ते इथे सोप्या भाषेत लिहितोय.

आजार पुराबरोबर का येत नाही?

सगळ्यात आधी हे समजून घ्या, कारण आपला सगळा घोळ इथेच होतो. जंतू पोटात गेला किंवा अंगात शिरला की माणूस लगेच आजारी पडत नाही. दुधाला विरजण लावल्यावर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघितलं तर दूधच दिसतं, दही व्हायला रात्र जावी लागते. तसंच आहे हे. जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या या काळाला डॉक्टर लोक इन्क्युबेशन पिरियड म्हणतात, आपण विरजणाचे दिवस म्हणू. आणि प्रत्येक आजाराचं विरजण वेगळं.

गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो. हा सगळ्यात घाईचा. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून अंगात शिरणारा आजार, याला बहुतेक वेळा ५ ते १४ दिवस लागतात. दक्षिण गुजरातेत सुरत-वलसाडकडे शेतात राबणारे लोक याला चांगले ओळखतात, आपण शहरातले ओळखत नाही. डेंग्यूचा हिशोब अजून लांब, कारण आधी कुंडीत, टायरात, गच्चीवरच्या डब्यात साचलेल्या पाण्यात डास जन्माला यायला आठवडा-दहा दिवस, मग त्याने आजारी माणसाला चावून विषाणू उचलायचा, तो डासाच्या अंगात तयार व्हायला अजून आठवडाभराच्या वर, मग तो डास तुम्हाला चावल्यावर ४ ते १० दिवस. आणि दूषित पाण्याची कावीळ, हेपटायटिस ए, ती २ ते ४ आठवडे घेते, हेपटायटिस ई त्याहूनही जास्त घेऊ शकते.

आता हे २०२४ च्या कॅलेंडरवर मांडून बघा. पाणी शिरलं २७-२८ ऑगस्टला. जुलाब-उलट्यांचे दिवस म्हणजे ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबरची सुरुवात. लेप्टोचे म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीपासून गणेश चतुर्थीच्या पुढच्या चार दिवसांपर्यंत. डेंग्यू आणि कावीळ म्हणजे अनंत चतुर्दशी, पितृपक्ष, थेट नवरात्राच्या तोंडावर. आणि आपण सगळे मदतीला कधी गेलो होतो? २९, ३० आणि ३१ ऑगस्टला. म्हणजे पाणी ओसरलं तशी मदतही ओसरली आणि मदत ओसरल्यावर बहुतेक आजार आले. कोणी वाईट नव्हतं, फक्त कोणी मोजलं नव्हतं.

म्हणून आमच्या मंडळात मी म्हणतो की पहिल्या तीन दिवसांत खूप माणसं असतात, तिथे बारा अजून नकोत. पाचव्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंत रोज चार माणसं मिळाली तर वहिनीच्या सेंटरला त्याचा जास्त उपयोग आहे.

पण आपण जाऊन करायचं काय? मी डॉक्टर नाही

नाहीच आहेस, आणि तिथे डॉक्टर म्हणून जायचंही नाही. इथे एक जुनी गोष्ट सांगतो, लंडनची आहे पण आपल्या गल्लीत घडावी अशी. १८५४ च्या ऑगस्ट अखेरीस तिथे ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा आला, थोड्याच दिवसांत ६०० च्या वर माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो म्हणत होते की हा हवेतून नाही, त्या चौकातल्या हातपंपाच्या पाण्यातून पसरतोय, आणि त्यांनी नकाशाही काढला. त्यांचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. पण त्याच वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचा एक तरुण पाद्री होता, त्याला हे पाण्याचं म्हणणं अजिबात पटलेलं नव्हतं, आणि ते चूक आहे हे दाखवायला तो घरोघरी हिंडला. वैद्यकीचं त्याला काही कळत नव्हतं, पण वस्तीतली माणसं त्याच्या ओळखीची. कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं, कोण कुठलं पाणी पितं, हे त्याला लोक सांगायचे कारण तो रोज दिसणारा माणूस. त्या विचारपुशीत त्याला सापडलं ते ४० नंबरचं घर, पंपाला लागूनच, तिथलं एक तान्हं बाळ सगळ्यांच्या आधी आजारी पडलेलं आणि त्याच्या आईने लंगोट धुतलेलं पाणी पंपाजवळच्या शोषखड्ड्यात ओतलेलं. खोटं पाडायला निघालेला माणूस पुरावा घेऊन परत आला.

मला या गोष्टीतला पाद्री जास्त आवडतो, डॉक्टरपेक्षा. स्नोंना पंप कळला, पण बाळ कोणाचं आणि लंगोट कुठे धुतले हे अनोळखी डॉक्टरला कोण सांगणार? आपल्याकडे काय आहे, तर तीच ओळख. वरच्या मजल्यावरच्या बेन मावशीला सांगतात, सेंटरमधून आलेल्या मुलीला दारातून "सब ठीक है" म्हणतात.

वही आणि सहा रकाने

व्हॉलंटियरचं पहिलं काम मोजणं, आणि ते वहीतच होतं. सरकारी भाषेत याला लाइन लिस्ट म्हणतात, म्हणजे एका ओळीत एक पेशंट. घर नंबर, वय, स्त्री की पुरुष, काय होतंय, कधीपासून होतंय, पाणी कुठलं पिता. बस. सेंटरवाले हे बघून ठरवतात की टीम कुठे पाठवायची आणि सॅम्पल कुठल्या नळाचं घ्यायचं.

"कधीपासून" हा रकाना लोक भरतच नाहीत, आणि सगळी गंमत त्यातच आहे. समजा एका गल्लीत ४० घरं, त्यात ९ जणांना जुलाब. नुसतं ९ म्हटलं तर काही कळत नाही. पण तारखा लिहिल्या आणि दिसलं की ९ पैकी ७ एकाच दोन दिवसांत सुरू झाले, आणि सातही घरं एकाच पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाची, तर तिथला जमिनीखालचा पाइप फुटलाय आणि गटार त्यात शिरतंय हा संशय पक्का होतो. उलट सुरुवातीच्या तारखा लांबलांबच्या, घरंही विखुरलेली, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

आता दुसरी अडचण. जुलाब कशाला म्हणायचं? एक काका म्हणाले मला रोजच सकाळी दोनदा जावं लागतं, धरायचं का? म्हणून आधी व्याख्या ठरवतात, २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं तर जुलाब, नाहीतर नाही. क्रिकेटमध्ये वाइडची रेष आखलेली असते तसंच, रेष नसेल तर प्रत्येक अंपायर वेगळा हात दाखवणार. याला केस डेफिनिशन म्हणतात आणि ती सेंटरवाले देतात, आपण आपली बनवायची नाही. शिवाय बडोद्यात भाषेचाही घोळ आहे, आपण "जुलाब होतायत का" विचारतो तर गुजराती शेजाऱ्यांना वाटतं पोट साफ करायचं औषध घेतलंय का विचारतायत. "झाडा" म्हणा, आणि किती वेळा ते आकड्यात विचारा.

आणि ही वही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. फोटो काढून तर मुळीच नाही. कोणाच्या घरी कावीळ आहे हे सोसायटीच्या ग्रुपवर गेलं की दुसऱ्या दिवसापासून त्या घरची कामवाली बंद, दूधवाला जिन्यातूनच परत, आणि पुढच्या वेळी ते घर तुम्हाला काहीही सांगणार नाही. वही सेंटरच्या नर्सकडे द्यायची आणि विसरून जायचं.

त्या बेनना काय द्यायचं होतं?

ओआरएस. एवढंच उत्तर होतं, आणि ते पाकीट कुठल्याही मेडिकलवर मिळतं.

हे काम कसं करतं ते फार छान आहे. जुलाब लागले की आतडं नुसतं पाणी प्यायलं तर नीट आत घेत नाही, आणि नुसतं मीठही नाही. पण मिठातलं सोडियम आणि साखर, ग्लुकोज, हे दोघं जोडीने आले की आतड्याच्या भिंतीतला एक दरवाजा उघडतो आणि दोघांना एकदम आत घेतो. आपल्या गरब्याच्या मैदानावरचा कपल पास आठवा, एकट्याला गेटवर अडवतात आणि जोडीला सोडतात. सोडियम-साखरेची जोडी आत गेली की तिच्यामागून पाणी आपोआप जातं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. आत्ताच्या एक लिटरच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. हे पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. लोक काय करतात, पेलाभर पाण्यात चिमूटभर पावडर टाकतात आणि बाकीची कागदात गुंडाळून फ्रिजवर ठेवतात. अंदाजाने केलं की कधी फार फिकं होतं, कधी खूप खारट, आणि खारट झालं तर लहान मुलाला त्रासच होतो. डायबेटिस आहे म्हणून साखर नको असंही म्हणतात, पण साखर काढली की जोडीच तुटली, दरवाजा उघडणार कसा. डायबेटिसवाल्यांनी शुगर तपासत राहायची आणि डॉक्टरला विचारायचं, पण पाणी थांबवायचं नाही.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाट, डोंगर नाही. चव घेऊन बघायची, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. बनवलेलं २४ तासांच्या पुढे ठेवायचं नाही. खाणं बंद करायचं नाही, भात-ताक, खिचडी, केळं, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर अजिबात बंद नाही. लहान मुलांना सोबत १४ दिवस झिंक देतात, ते आशाताईंकडे मिळतं.

हे आपल्यासारख्या साध्या माणसांच्या हातात देता येतं का, हा प्रश्न खरोखरच एकदा आला होता. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी बनवून पेशंटच्या घरच्या माणसांनाच ते पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे कोण होते, तर आया, भाऊ, शेजारी. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, आपल्यापैकी किती जणांना नाव माहीत होतं? मलाही नव्हतं.

पण हद्द ओळखायची. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, माणूस सुस्त पडलाय, पाजलेलं सगळं उलटून पडतंय, शौचात रक्त आहे, यातलं एकही दिसलं तर पाकीट पाजत बसायचं नाही, १०८ ला फोन.

क्लोरीनची गोळी आणि आमचे आजोबा

आता माझी फजिती. क्लोरीनच्या गोळ्यांच्या स्ट्रिप वाटायला मी स्वतः गेलो होतो, एका वाड्यात एका आजोबांच्या हातात दिल्या, म्हटलं "आजोबा, पाण्यासाठी आहेत", आणि पुढच्या दाराकडे वळलो. मागे बघतो तर त्यांनी गोळी फोडून तळहातावर घेतलेली आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "पाण्याबरोबर घ्यायची ना?" असं विचारतायत. मी जवळजवळ ओरडलोच. त्यांची काय चूक, रोज पाच गोळ्या घेणारा माणूस, स्ट्रिप बघितली की तोंडाकडेच जाणार. तेव्हापासून आमचा नियम असा की स्ट्रिप हातात द्यायची नाही, घरात जायचं, त्यांच्या समोर त्यांच्याच भांड्यात एक गोळी टाकून दाखवायची, आणि उरलेल्या मडक्याजवळ ठेवायच्या, औषधाच्या डब्यात नाही.

गोळी किती लिटरची आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं, २० लिटरची गोळी तांब्यात टाकून चालत नाही. पाणी गढूळ असेल तर आधी स्वच्छ फडक्याच्या चार पदरांतून गाळायचं, कारण क्लोरीन त्या गाळाशीच झटापट करत बसतं आणि जंतू सुटतात. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. वास येतो अशी तक्रार येणारच, झाकण थोडा वेळ उघडं ठेवलं की कमी होतो.

कॉर्पोरेशनची माणसं नळाचं पाणी छोट्या काचेच्या नळीत घेऊन थेंब टाकतात आणि रंग बघतात ना, ती ओटी टेस्ट. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, जितकं पिवळं तितकं जास्त. नळापर्यंत येईस्तोवर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं. पाणी टाकीतून निघताना चांगलंच होतं, मग वाटेत कुठे तरी घाण शिरली आणि क्लोरीन तिच्याशी लढण्यात संपलं, तर शेवटच्या घरी नळी पांढरीच राहणार. सयाजीराव महाराजांनी अजव्याचं पाणी १८९२ मध्ये शहरात आणलं त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाच, पण तळं स्वच्छ असलं म्हणून तुमच्या गल्लीतला पाइप स्वच्छ असतो असं नाही. ही टेस्ट करायला दहा मिनिटांत शिकता येतं, आमच्या मंडळातला बारावीचा मुलगा सफाईने करतो.

पण हे तर सरकारचं काम ना?

हो, सरकारचंच. पाइप बदलणं, औषध फवारणं, हॉस्पिटल चालवणं हे व्हॉलंटियरने करायचं नाही, आणि "लोक करतायत ना" म्हणून कॉर्पोरेशनला सूट तर अजिबात द्यायची नाही. उलट तुमच्या वहीतले तारखांचे आकडे असले की नगरसेवकाकडे भांडायला जोर येतो, नुसतं "पाणी घाण येतंय" म्हटलं की साहेब म्हणतात बघतो.

पण हिशोब करा. शहरात एका आशाताईंकडे २०० ते ५०० घरं असावीत असं धोरण आहे. ४०० घरं धरा, दर घरी तीन मिनिटं, तर १२०० मिनिटं म्हणजे २० तास नुसते दारात उभं राहण्यात, जिने वेगळे. त्यांच्याबरोबर दहा माणसं, म्हणजे दोघादोघांच्या पाच जोड्या असतील तर तेच चार तासांत होतं. त्यात त्या सांगतील तसं करायचं, आपण मंडळाचे कार्यकर्ते म्हणून त्यांना हुकूम सोडायचे नाहीत, हे मी मुद्दाम लिहितोय कारण असं करणारे बघितलेत.

औषधांचंही तसंच. लेप्टोसाठी चिखलात काम करणाऱ्यांना डॉक्टर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतात हे कळल्यावर एका उत्साही गृहस्थांनी खोका विकत आणला, वाटायला. गरोदर बाईला, लहान मुलाला ते चालत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि तापाला अंगदुखीच्या मिळतील त्या गोळ्या देऊ नका, डेंग्यू असला तर त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल आणि तपासणी, त्यापुढे आपलं तोंड बंद.

लोक दारच उघडत नाहीत

उघडत नाहीत कारण घराघरांत आजोबा-पणजोबांपासूनची आठवण आहे. १८९७ चा पुण्याचा प्लेग आपण शाळेत शिकलो, गोरे सोल्जर घरात घुसून सामान बाहेर फेकायचे, बायकांची तपासणी करायचे, आणि २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पण त्याच पुण्यात, त्याच वर्षी, मुंढव्याहून प्लेगने आजारी पडलेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या, दवाखान्यात आल्या होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. साथ तीच, साल तेच. एकीकडे दार मोडून आत शिरणारे, एकीकडे मुलाला उचलून नेणाऱ्या बाई. लोक पुढच्या वेळी कोणाला दार उघडतील हे सांगायला नको.

म्हणून आम्ही दोघांच्या जोडीने जातो, त्यात एक जण त्याच गल्लीतला, आणि शक्यतो एक बाई. चपला बाहेर, आधी तब्येतीची विचारपूस, मग वही. नाही म्हणाले तर "बरं, उद्या येतो" म्हणून निघायचं.

आणि मलाच काही झालं तर?

सावित्रीबाईंचं उदाहरण दिल्यावर हा प्रश्न रास्तच आहे. पायाला जखम असेल, भेगा असतील तर चिखलात उतरायचं नाही, गमबूट घालून सुद्धा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आधी बघायचं. पाणी घरून न्यायचं, दुसऱ्याच्या घरचा चहा गोड बोलून टाळायचा (बडोद्यात हे सगळ्यात अवघड). नदीकाठी एकट्याने नाही, विश्वामित्रीत चारशेच्या वर मगरी आहेत. घरी आल्यावर पाय साबणाने, आणि पुढच्या महिनाभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पुरात काम केल्याचं सांगायचं, नाहीतर ते साधा व्हायरल समजून सोडून देतील.

गरोदर बायका, पायाला जखमा असलेले डायबेटिसवाले, केमो चालू असलेले, यांनी बाहेर पडू नये. पण माझ्या आत्याचं वय ७१, गुडघे गेलेले, तिला आम्ही फोनचं काम दिलंय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी, रोज सकाळी दहा फोन, "जेवलात का, लघवी होतेय का, ताप आहे का". पहिल्याच आठवड्यात तिने जे शोधलं ते आम्हाला दारं ठोठावून सापडलं नसतं. लोक तिच्याशी अर्धा तास बोलतात, ती वैतागते, पण फोन ठेवत नाही.

नाव आधी कुठे द्यायचं?

पूर आल्यावर येणारा माणूस शिकवायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच. आपापल्या भागाच्या अर्बन हेल्थ सेंटरला जाऊन मेडिकल ऑफिसर किंवा नर्सना भेटायचं, म्हणायचं आम्ही इतकी माणसं, या या भागातली, दिवस पाच ते तीस. कॉलेजची पोरं असतील तर एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहे, रेडक्रॉसचं फर्स्ट एडचं ट्रेनिंग आहे. ज्यांना पाण्यात उतरायचंच आहे त्यांच्यासाठी सरकारची आपदा मित्र योजना, त्यात १२ दिवसांचं शिक्षण देतात, दोर, बोट, फर्स्ट एड वगैरे. पोहता येतं म्हणून कोणी आपदा मित्र होत नाही हे आपल्या मंडळातल्या दोघांनी वाचावं.

आमचं यंदाचं ठरलंय ते असं. पूर आलाच तर पहिले चार दिवस कोणी कुठे जाणार नाही, फक्त आपापल्या गल्लीत. पाचव्या दिवसापासून ड्युटी चार्ट, त्यात गणपतीच्या दहा दिवसांत मांडवात आठ आणि वहीवर चार. दर रविवारी गच्च्या, कुंड्या, टायर, कूलर कोरडे, कारण अंड्यापासून डास व्हायच्या आत पाणी ओतलं की काम झालं. वहिनीने एक रविवार येऊन शिकवलं, ओआरएस सगळ्यांना करायला लावलं, बाराजणांपैकी सातांचं खारट झालं.

वह्या, ओटीच्या बाटल्या, गोळ्या हे सगळं आता मंडळाच्या लोखंडी पेटीत झांजांच्या शेजारी ठेवलंय. गोळ्यांच्या एक्सपायरीची तारीख झाकणावर आतून लिहिलीय. चावी खजिनदाराकडे असते पण तो ऑगस्टमध्ये हमखास नाशिकला मामाकडे जातो, म्हणून दुसरी माझ्याकडे, आणि तिसरी मी मावशीकडे समाला देऊन आलोय, दुसऱ्या मजल्यावर, पाणी पोचणार नाही अशा जागी.